शेवटचं गाणं आधी ऐका : 'रिव्हॉल्व्हर'बद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी एक ओळ लिहून गेलो होतो, की गोव्यातल्या हणजूणच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात जे 'गोवा ट्रान्स' नावाचं, एका ठेक्यावर चालणारं इलेक्ट्रॉनिक नाचाचं म्युझिक रात्रभर वाजायचं त्याचं एक मूळ १९६६ सालच्या लंडनमध्ये, बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' नावाच्या अल्बममध्ये आहे. एकच ओळ, पण तिच्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. गिटारच्या तारा आणि हार्मोनियम दुरुस्तीवाले जे प्रश्न आलेत ते पुढच्या अंकात घेतो, राग मानू नका.

प्रश्न : सर, मी हणजूणचाच, ते धम-धम ऐकतच मोठा झालोय. बीटल्स म्हणजे सूट घालून गोड गाणी म्हणणारी चार पोरं ना? त्यांचा आणि गोवा ट्रान्सचा काय संबंध? मला तरी हे ओढूनताणून जोडल्यासारखं वाटलं.
— एक वाचक, हणजूण

उत्तर : वाटणं साहजिक आहे. मलाही कुणी नुसतं तोंडी सांगितलं असतं तर पटलं नसतं, मला ते कानाने पटलं.

माझ्या मावशीचं घर तुमच्याच गावात. वरच्या दोन खोल्या ती परदेशी लोकांना भाड्याने द्यायची, मे महिन्यात उकाडा वाढला की ते लोक निघून जायचे आणि मागे काहीबाही राहायचं, चादरी, स्टोव्ह, पुस्तकं, आणि एका वर्षी बुटांचा एक खोका भरून कॅसेटी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा नाटकांच्या साऊंडवर हेल्पर होतो, त्यामुळे मावशीने तो खोका मलाच दिला. त्यातल्या एका कॅसेटवर पेनाने फक्त 'रिव्हॉल्व्हर' लिहिलेलं. लावली, गाणी आवडत होती, सगळं नीट चाललेलं, आणि शेवटच्या गाण्याला एकदम चिवचिव-किंचाळल्यासारखे आवाज यायला लागले, म्हणजे किनाऱ्यावर पक्ष्यांचा थवा अंगावर यावा तसे. मला वाटलं टेप गुंतली. बंद केलं, कॅसेट काढली, पेन्सिल घालून रीळ ताणून घेतली, हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, परत लावली. परत तेच. तिसऱ्यांदा लावल्यावर लक्षात आलं की मशीन ठीक आहे, हे लोकांनी मुद्दाम केलंय. त्या रात्री ते एकच गाणं किती वेळा ऐकलं त्याचा हिशेब नाही.

ते गाणं म्हणजे 'टुमॉरो नेव्हर नोज'. अल्बममध्ये शेवटचं, पण रेकॉर्ड केलं सगळ्यात आधी, ६ एप्रिल १९६६ ला, ईएमआयच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत. आता ते ट्रान्सवाल्या कानाने ऐका. सुरुवातीलाच तंबोऱ्याचा सूर. मग ड्रम्सचा एकच तुकडा, पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच, कुठे वळण नाही की भराव नाही. कॉर्ड म्हणाल तर जवळजवळ एकच, सी, सगळं गाणं त्याच सुरावर उभं. तोवरच्या पॉप गाण्यात एक कडवं, मग ध्रुवपद, मधे वेगळी चाल असं सगळं बांधलेलं असायचं, इथे ते काहीच नाही. एक ठेका धरून ठेवलाय आणि वरती आवाज येताहेत, जाताहेत, फिरताहेत. तुमच्या घरामागे रात्रभर जे वाजायचं त्याचं वर्णन याहून वेगळं करून दाखवा बघू. हे गाणं तीन मिनिटांतच संपतं आणि तुमचं सकाळी ऊन वर येईपर्यंत चालायचं, एवढाच फरक.

आता ते पक्ष्यांसारखे आवाज. त्यात पक्षी एकही नाही, बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचं हसणं टेपवर घेऊन वेग वाढवलाय. अशा पाच लूप होत्या. पॉलने स्टॉकहाउझेन वगैरे युरोपातल्या प्रयोगवाल्या संगीतकारांचं टेपवरचं काम ऐकलं होतं, त्यातून त्याला घरच्या टेपरेकॉर्डरवर असल्या लूप बनवायचा नाद लागला होता, तोच त्याने स्टुडिओत आणला. लूप म्हणजे शब्दशः वळसा हं. टेपचा तुकडा ब्लेडने कापायचा, दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची, झाली माळ. मशीन सेकंदाला १५ इंच टेप ओढत असेल तर ३० इंचांची माळ दर दोन सेकंदांनी परत पहिल्या जागी येते, झाला ठेका. पण एवढी मोठी माळ मशीनवर कुठे बसणार, म्हणून बिल्डिंगमधल्या वेगवेगळ्या खोल्यांतल्या मशीनवर एकेक लूप लावली आणि प्रत्येक मशीनपाशी एकेक माणूस पेन्सिलीत ती माळ अडकवून ताणून धरून उभा. सगळ्या मशीनचे आवाज एकाच मिक्सरवर आणले आणि मग फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या मुठी, वर-खाली करत जिवंत वाजवल्यासारखं मिक्स केलं. त्यांचा प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन पुढे सांगायचा की तो मिक्स परत तसाच करणं अशक्य आहे, कारण त्या घटकेला कुठली लूप कुठे होती हे कुणाच्याच हातात नव्हतं.

मी हे स्वतः करून बघितलंय. जुन्या स्पूल मशीनवर, दरवाजात एकाला पेन्सिल धरून उभं केलं, थोडं ढिलं सोडलं की सूर हलतो, जास्त ताणलं की जोड सुटतो, दहा मिनिटांत त्याचा हात भरून आला. तेव्हा कळलं की हे बटण दाबून झालेलं काम नव्हतं.

आता हणजूण. साठच्या दशकाच्या शेवटी जे लोक कळंगुट, बागा करत तुमच्याकडे पोचले त्यांच्या कानात हेच म्युझिक होतं. गोवा ट्रान्सचा नावाजलेला डीजे गोवा गिल, जो २०२३ मध्ये गेला, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या हिप्पी वस्तीतून १९७० च्या आसपास इथे आला. सुरुवातीच्या पार्ट्यांना गिटार, ड्रम्स, रॉक बँडच असायचे, इलेक्ट्रॉनिक म्युझिक आलं ऐंशीच्या दशकात. आणि तेव्हाचे इथले डीजे काय करायचे माहितेय? गाण्यातले शब्दांचे भाग काढून टाकायचे, वाजवण्याचे तेवढे तुकडे एकाला एक जोडून लांबवायचे, कॅसेटवर, नंतर डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेपवर. रेकॉर्डी इथल्या उन्हात वाकड्या व्हायच्या, टेप खिशात मावायची. म्हणजे परत टेपच, परत तुकडे, परत जोड.

आणि एक माणूस तर असा आहे की तो एकटाच दोन्ही टोकं जोडतो. राजा राम. ऑस्ट्रेलियन बासरीवाला, सत्तरच्या सुमाराला लंडनमध्ये क्विंटेसन्स नावाच्या सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या-स्वप्नातल्या अनुभवासारखं संगीत करणाऱ्या, बँडमध्ये वाजवायचा, आणि नव्वदच्या दशकात तोच गोवा ट्रान्सच्या पहिल्या फळीत, पुढे सायमन पॉसफर्डबरोबर श्पाँगल नावाचा बँड काढला. म्हणजे पिढी बदलली असंही नाही हो, माणूसच तो.

सरळ रेघ मारता येते असं मात्र मी म्हणत नाही. मधे जर्मनीतले इलेक्ट्रॉनिक बँड आहेत, डिस्को आहे, शिकागोचं हाऊस आणि डेट्रॉइटचं टेक्नो आहे, त्यांचं देणं मोठं आहे, आणि गोवा ट्रान्सचं यंत्र तिकडूनच आलं. पण यंत्र कशासाठी वापरायचं, एक सूर धरून माणसाला कुठे न्यायचं, ही जी भूक आहे ना, ती या अल्बमच्या पिढीची.

प्रश्न : नमस्कार. मी तबला शिकते. आमचे गुरुजी म्हणाले की बीटल्सच्या एका गाण्यात भागवत आडनावाच्या तबलजींनी वाजवलंय. खरं आहे का? आणि ताल कुठला?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : खरं आहे, आणि तुझ्या गुरुजींना माझा नमस्कार सांग. त्यांचं नाव अनिल भागवत, गाणं 'लव्ह यू टू', याच अल्बममधलं, ११ एप्रिल १९६६ ला रेकॉर्ड झालेलं.

गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. लंडनमध्ये आयाना अंगडींची एशियन म्युझिक सर्कल म्हणून संस्था होती, आपल्याकडचे कलाकार तिकडे नेणं, कार्यक्रम करणं असं त्यांचं काम. अंगडींचा भागवतांना फोन आला की आज संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचंय. कोण जॉर्ज ते भागवतांना काही कळलं नाही. दारात रोल्स-रॉइस येऊन उभी राहिली आणि स्टुडिओच्या बाहेर पोरींची गर्दी दिसली तेव्हा उलगडा झाला. बीटल्सचा गिटारवाला जॉर्ज हॅरिसन, त्याच्याबरोबर बसून त्यांनी तबला लावला, रविशंकरजींच्या बाजाचं काहीतरी, सोळा मात्रा, असं बोलणं झालं, पण प्रत्यक्षात त्यांना मोकळं वाजवू दिलं. तेव्हा ताल विचारशील तर तीनताल डोक्यात ठेवून ऐक, पण वहीत ठेका लिहायला बसू नकोस, शेवटी लय वाढते तिथे बघ हात कसा मोकळा सुटलाय.

सुरुवात कशी केलीय तेही लक्ष देऊन ऐक. सतार आधी एकटीच, ताल नाही, आलापासारखी, आणि मग ठेका येतो. पाश्चात्त्य पॉपच्या रेकॉर्डवर १९६६ साली हा क्रम! त्याआधी १९६५ मध्ये 'नॉर्वेजियन वुड'मध्ये त्यांनी सतार घेतली होती, पण ती गिटारच्या जागी सतार, एवढंच. इथे गाणंच आपल्या पद्धतीने उभं केलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अल्बमच्या मागच्या बाजूला भागवतांचं नाव छापलंय. त्या काळात बाहेरून बोलावलेल्या वादकाचं नाव पॉप रेकॉर्डवर छापायची पद्धत नव्हती गं. याच अल्बममध्ये 'एलिनॉर रिग्बी'ला आठ जणांनी तंतुवाद्यं वाजवलीत, त्यांची नावं कव्हरवर नाहीत. मी आयुष्यभर नाटकांना आवाज दिला, ऑर्गनवाला आणि तबलजी यांची नावं किती हँडबिलांवर राहून जातात ते मला माहितेय, म्हणून मला त्या एका छापील ओळीची किंमत जास्त वाटते.

पुढचंही थोडं सांगतो. हा अल्बम निघाल्यावर दीड महिन्याच्या आत, सप्टेंबर १९६६ मध्ये, हॅरिसन मुंबईला आला, ताजमध्ये उतरला आणि रविशंकरजींकडे सतारीची शिकवणी धरली. जानेवारी १९६८ मध्ये परत मुंबईला येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं, शिवकुमार शर्मा त्यात होते. म्हणजे शोभेला सतार लावून तो मोकळा झाला नाही. आपल्यातले काही जण लगेच म्हणतात की सगळं आपल्याकडूनच नेलं. तंबोऱ्याचा सूर, एका सुरावर राहणं, हे आपल्याकडून गेलं, शंभर टक्के. पण टेप उलटी फिरवणं, वेग बदलणं, हे आपलं नाही, ते त्यांचं. दोन्ही एकत्र आलं तेव्हा ते गाणं झालं, असंच मी मानतो.

प्रश्न : मी गणपतीत घुमट, म्हणजे चामडं ताणलेलं आपलं मातीचं वाद्य, वाजवतो, आमचं आरतीचं पथक आहे. तुमचं वाचून यूट्यूबवर तो अल्बम ऐकला. बाकी कळलं नाही पण ड्रमचा आवाज छातीत बसला. इतका जुना असून एवढा भारी कसा?
— एक घुमटवादक, कुंभारजुवे

उत्तर : तुम्हाला ड्रमच आधी ऐकू येणार, घुमटवाल्याचे कान आहेत!

बघा, घुमट तुम्ही कसं वाजवता. उजवा हात चामड्यावर, आणि डावा हात मागच्या उघड्या तोंडावर. तो डावा हात झाकला-उघडला की आवाज बदलतो, बंद केला की दबतो, सोडला की घुमतो. लंडनमध्ये त्या लोकांनी नेमका हाच विचार केला, फक्त हाताऐवजी लोकरीचा स्वेटर. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार, त्याच्या बेस ड्रमच्या पोटात स्वेटर कोंबला, म्हणजे घुमणं गेलं आणि नुसता ठोका उरला. मग माईक अगदी जवळ आणला. स्टुडिओचा नियम होता की माईक ड्रमपासून लांब ठेवा, महागडं यंत्र खराब होईल. तो नियम मोडला. आणि ते सगळं फेअरचाइल्ड नावाच्या लिमिटरमधून काढलं, जो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो, म्हणून झांजेचा सूं-सूं आवाज लाटेसारखा फुगतो असं वाटतं.

हे करणारा रेकॉर्डिंग इंजिनियर, जेफ एमरिक, तेव्हा वीस वर्षांचा होता. वीस! आणि बीटल्सचा मुख्य इंजिनियर म्हणून ६ एप्रिल १९६६ हाच त्याचा पहिला दिवस. त्याच्या आधीचा इंजिनियर नॉर्मन स्मिथ प्रोड्यूसर झाला आणि पुढच्या वर्षी त्याच बिल्डिंगमध्ये पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम त्याने केला, तो दुसरा मोठा सायकेडेलिक अल्बम, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

तर आज कुठल्याही लग्नात, कुठल्याही सिनेमाच्या गाण्यात बेस ड्रम जो 'धप्प' येतो, जवळचा, कोरडा, पोटात लागणारा, ती सवय लोकांच्या कानाला लावणाऱ्यांत हा अल्बम अगदी पुढे आहे. १९९६ मध्ये केमिकल ब्रदर्स या इलेक्ट्रॉनिक म्युझिकवाल्या जोडीचं 'सेटिंग सन' इंग्लंडमध्ये एक नंबरवर गेलं, त्यातले ड्रम्स ऐका आणि मग 'टुमॉरो नेव्हर नोज'चे ऐका, तीस वर्षांचं अंतर आहे पण घरचे संस्कार तेच. तुमच्या पथकाचं रेकॉर्डिंग कराल तेव्हा एक माईक चामड्याकडे आणि दुसरा मागच्या तोंडाजवळ, डाव्या हातापासून वीतभर, असा लावून बघा. मोबाईल समोर खुर्चीवर ठेवून घुमट कधीच नीट येणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे. दिवसभर हेडफोन लावून हे सायकेडेलिक का काय ते ऐकत असतो. आपल्याकडे किनाऱ्यावर काय काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही अशा म्युझिकचं कौतुक करता, मला मात्र भीती वाटते. ही गाणी नशेतूनच आली ना?
— एक आई, मडगाव

उत्तर : ताई, तुमची भीती मी उडवून लावणार नाही, या पट्ट्यात राहून ती वाटली नाही तर नवल. आणि खोटंही बोलणार नाही. हो, 'टुमॉरो नेव्हर नोज'च्या शब्दांमागे एलएसडी हे नशेचं रसायन आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरी आणि त्याच्या दोन साथीदारांचं १९६४ चं एक पुस्तक होतं, तिबेटी बौद्धांच्या मृत्यूविषयीच्या ग्रंथावर बेतलेलं, नशेच्या अनुभवाची वाटाड्या म्हणून लिहिलेलं, ते बीटल्सच्या जॉन लेननने वाचलं आणि त्यातून शब्द घेतले. हे झाकून ठेवून अल्बमची थोरवी सांगणं मला जमणार नाही.

पण मी साऊंडचा माणूस, काम कसं झालं ते मला दिसतं. लेनन आला आणि म्हणाला, माझा आवाज डोंगराच्या माथ्यावरून दलाई लामा मंत्र म्हणताहेत तसा यायला हवा. हा झाला त्याचा अनुभव किंवा कल्पना काय म्हणायचं ते. त्यापुढचं काम कुणी केलं? हॅमंड ऑर्गनबरोबर लेस्ली नावाचा स्पीकर येतो, त्याच्यात भोंगा गोल फिरत असतो, म्हणजे जत्रेतल्या फिरत्या पाळण्याला कुणी कर्णा बांधला तर आवाज जवळ येईल, लांब जाईल, तसं. लेननचा आवाज त्या ऑर्गनच्या स्पीकरमध्ये घालून परत माईकने उचलायचा, ही युक्ती शुद्धीवर असलेल्या, वायरिंग माहीत असलेल्या माणसांनी काढली. लेननला दोनदा तेच गायचा कंटाळा यायचा म्हणून केन टाऊनसेंड नावाच्या तंत्रज्ञाने एकाच आवाजाचा दुहेरी आवाज करायची तरकीब शोधली, आजही जगभर वापरतात. हॅरिसनने 'आय ॲम ओन्ली स्लीपिंग'मध्ये उलटी गिटार वाजवलीय, ती नुसती टेप उलटी करून टाकलेली नाही, आधी चाल ठरवली, ती शेवटाकडून पहिल्याकडे उलटी बसवली, ती वाजवली, मग टेप फिरवली, त्यात तास-न्-तास गेले. नशेत असं काम होत नाही हो.

आणि मुलाशी बोलाल तेव्हा हेही सांगा, की हॅरिसन ऑगस्ट १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला हिप्पींच्या वस्तीत गेला आणि तिथली पोरं बघून त्याचं मन इतकं उतरलं की त्याने एलएसडी सोडलं. रविशंकरजी तर आधीपासून जाहीर सांगायचे की माझ्या मैफलीला नशा करून बसू नका, आमच्या संगीताशी तिचा संबंध जोडू नका. एक दिवस हेडफोनचं एक टोक तुमच्या कानाला लावून त्याच्या शेजारी बसा, कुठलं गाणं ऐकतोस रे म्हणून विचारा. तो सांगेल. हेडफोन लावतो म्हणून काळजी करू नका. पैसे, झोप, सोबत यांत काही बदललेलं दिसलं तर मात्र वेळ न घालवता डॉक्टरांना भेटा, तिथे संगीताच्या सदराचा उपयोग नाही.

प्रश्न : वडिलांची 'रिव्हॉल्व्हर'ची जुनी एलपी कपाटात सापडली, पांढरी बुरशी धरलीय. वाचेल का? की नवीन घेऊ? मोनो, स्टीरिओ, २०२२ ची, काय काय आवृत्त्या दिसताहेत.
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : वाचेल, टाकू नका. आपल्या पावसात बुरशी धरणारच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विड सोपचे एक-दोन थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, खाचा ज्या दिशेने जातात त्याच दिशेने गोल पुसायचं, आडवं घासायचं नाही, मधला कागद भिजू द्यायचा नाही. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने परत पुसून उभी करून सावलीत वाळवा. आतलं कागदी पाकीट फेकून द्या, बुरशी त्यातच असते. कपाटात उभी ठेवा, एकावर एक रचू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

आवृत्त्यांचं म्हणाल तर तेव्हा बँडने लक्ष घालून केलेलं मिक्सिंग मोनोचं (मोनोत सगळा आवाज एकाच वाटेने, स्टीरिओत डावा-उजवा वेगळा), त्यामुळे एकच घ्यायची तर मोनो. २०२२ वाली जॉर्ज मार्टिनच्या मुलाने, जाइल्स मार्टिनने, नव्याने मिक्स केलीय, फोर-ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या चारच पट्ट्या असलेल्या, टेपवर एकत्र चिकटलेली वाद्यं सॉफ्टवेअरने सुटी करून. हेडफोनवर छान लागते. आणि वडिलांची एलपी अमेरिकन असेल तर गाणी मोजा, ११ भरतील, इंग्लंडच्या आवृत्तीत १४ आहेत, लेननची तीन गाणी तिकडे गाळली होती.

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. खरं सांगू? मी ऐकला अल्बम, आणि मला त्यात काही स्पेशल वाटलं नाही. लूप, रिव्हर्स, व्हॉइस इफेक्ट हे सगळं तर माझ्या फोनवर पण होतं. मग साठ वर्षं लोक एवढं काय घेऊन बसलेत? आणि मला स्वतःला असं काही करायचं असेल तर आमच्याकडे स्टुडिओ वगैरे नाही.
— एक विद्यार्थी, वाळपई

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, सगळ्यात आवडलं.

तुला स्पेशल वाटलं नाही कारण तू त्या घरातच जन्मलास. ज्या घरात आधीपासून वीज आहे त्याला बल्बचं काय कौतुक. पण ५ ऑगस्ट १९६६ ला हा अल्बम दुकानात आला तेव्हाचा विचार कर, आपल्याकडे गोवा मुक्त होऊन पाच वर्षंही झाली नव्हती, गोवा महाराष्ट्रात जावा की नाही या जनमत कौलाची हवा तापत होती, आणि जगात कुठेही रेकॉर्ड म्हणजे गाणाऱ्याचा फोटो, असंच लोक मानत. गायला, वाजवलं, टिपलं, संपलं. यांनी असा अल्बम केला जो स्टेजवर वाजवताच येत नव्हता. त्याच ऑगस्टमध्ये ते अमेरिकेच्या दौऱ्यावर होते आणि या नव्या अल्बममधलं एकही गाणं त्यांनी तिथे म्हटलं नाही. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा शो केला आणि दौरे कायमचे बंद. पुढच्या वर्षी त्यांचाच 'सार्जंट पेपर' अल्बम आला, सगळं जग त्याच्याबद्दल बोललं, पण माझ्या मते दार या अल्बमने उघडलं होतं. एकट्याने नाही, अमेरिकेतले बर्ड्स, बीच बॉईज हे बँड होते, तेही १९६६ मध्येच धडपडत होते, पण सगळ्यात लांब हाच गेला. तुझ्या फोनमधलं रिव्हर्सचं बटण कुणाला तरी सुचायला आधी कुणीतरी टेप उलटी लावून 'अरे, हे सुंदर आहे' म्हणायला हवं होतं ना.

आता तुझं काम. त्यांच्याकडे फोर-ट्रॅक मशीन होतं, तुझ्या फोनवरच्या फुकट एडिटिंग ॲपमध्ये त्याहून जास्त ट्रॅक आहेत, तेव्हा स्टुडिओ नाही हे कारण चालणार नाही. पाच आवाज गोळा कर, पाचच. सकाळी पोदेर (पाववाला) येतो त्याचा भोंपू. पन्हळीचं पाणी पत्र्यावर पडतं ते. घरात नारळ खवतात तो खर्र-खर्र. देवळातली घंटा, पण ठोका कापून टाक, मागे राहतो तो घुमारा तेवढा ठेव. आणि आजीचं हसणं, तिला न सांगता नको, विचारून घे.

मग प्रत्येकाचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा काढ. आजीचं हसणं दुप्पट वेगाने कर, सूर एक सप्तक वर जाईल आणि तुकडा अर्धा होईल. भोंपू उलटा कर, आधी शेपूट येईल आणि मग एकदम तोंड. घंटेचा घुमारा अर्ध्या वेगावर ने, तो तुझा तंबोरा, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चालू ठेव आणि बाकी सगळं त्याच्या सुराला जुळतंय का बघ, नसेल तर वेग थोडा-थोडा बदलून जुळव, इथे घाई केलीस तर नुसता गोंगाट होईल. ठेक्याला खवणीचा आवाज घे. मग फेडर हातात घे आणि एका दमात मिक्स कर, चुकलं तरी थांबू नकोस, तीन मिनिटं.

झालं की या सदराच्या पत्त्यावर फाईल पाठव. हेडफोन लावून ऐकतो आणि घंटा सुरात लागलीय की नाही ते पुढच्या अंकात सांगतो.